लाल फडक्याखालचे डोळे

कालांग नदी, सिंगापूर
१९३२, दुसऱ्या महिन्याची सतरावी

आणि छपराचं काय झालं ते याही वेळी लिहिलं नाहीस. ताई, छपरासाठी म्हणून पैसे पाठवायची ही तिसरी खेप, आणि तुझ्या उत्तरात काय, तर रताळी बरी आली, शेजारची डुकरीण व्याली, बाबांचा खोकला आहे तसाच. छप्पर हा शब्दच कुठे नाही. तुझी पत्रं लिहून देणाऱ्या हाऊकाकांना छप्पर लिहिता येत नसेल तर तसं कळव, दुसऱ्या लेखकाचे पैसे मी भरतो.

बाबांचा निरोप मिळाला. 'लोखंड तरंगतं त्या गावात राहून त्याच्या डोक्यालाही गंज चढला.' इथे खोलीत वाचून दाखवला, सगळे हसले. मीही हसलो. पण ताई, लोखंड खरंच तरंगतं. रोज माझ्यासमोरून जातं. एका आगबोटीच्या पोटात बाबांनी जन्मभर बांधलेली सगळी गलबतं मावतील, आणि तिला वाऱ्याची वाट बघत बसावं लागत नाही. हेच मी निघायच्या आधी त्यांच्या तोंडावर म्हणालो तर त्यांनी हातातला लाकूड तासायचा वाकस फेकला होता. आता पत्रातून म्हणतो, म्हणजे लागायची भीती नाही.

बाबांनी नवीन गलबत हाती घेतलंय असं लिहितेस. तीन डोलकाठ्यांचं, मालवाहू. कुणासाठी? इथे रबर झोपलंय, कथील झोपलंय, मोठमोठ्या पेढ्यांची दारं बंद आहेत. असल्या दिवसांत शिडाच्या गलबतात पैसे घालणारा हा शहाणा कोण, त्याचं नाव कळव. मला त्याचं तोंड बघायचंय.

माझं विचारशील तर लाकडाचंच काम आहे, नदीकाठच्या एका आवारात. आधी अननसाचा कारखाना, मग रबराचा मळा, मग रिक्षा. माझं बूड कुठे टेकत नाही हे तुझं म्हणणं मान्य. इथे मात्र टिकलोय. बाबांना एवढंच सांग, लाकडाचं काम.

दिवसभर उन्हात असतो, संध्याकाळी बोटं मिटत नाहीत, म्हणून अक्षर असं. पंधरा डॉलर पाठवतोय. दहा छपराचे, पाच औषधाचे. छपराचे म्हणजे छपराचेच.

खेंग-लाय

*

टोआ-आव
तिसऱ्या महिन्याची बारावी

खेंग-लाय,

पैसे पोचले. हाऊकाका म्हणतात, मला छप्पर लिहिता येतं, आणि बापाच्या वयाच्या माणसाची टिंगल करणं बरं नव्हे. हे त्यांनी आपल्या मनाने घातलंय, मी सांगितलेलं नाही.

छप्पर ठीक आहे. गळतं तिथे मडकं ठेवते. बाबा तर हल्ली बांधणीच्या आवारातच झोपतात, अंगावर गळायला घरात माझ्याशिवाय आहे कोण. आई असती तर ओढून आणलं असतं. मी ओढायला गेले तर म्हणतात, 'तू आपल्या सासरी जा.' सासू तिकडून म्हणते, इकडे ये. मूल होईपर्यंत माहेरी राहायची आपल्याकडची रीत आहे म्हणून माझी सुटका आहे, नाहीतर दोन्हीकडची भांडी मीच घासली असती.

गलबताचा मालक चुआन-चिऊ शहरातला आहे. नाव गुप्त ठेवा म्हणतो. व्यापाऱ्यांचं असतं असं काहीतरी.

तुला ऐकायचं नसेल तरी लिहिते. कणा बसवला. सांध्यात सात नाणी ठेवली, उत्तरेच्या सात ताऱ्यांच्या मांडणीत, आणि चंद्र म्हणून छोटा आरसा. नाणी मी राखेने घासून दिली. 'किम-हॉक-आन' गलबत बांधलं तेव्हाही मीच घासली होती, आठवतं? तेव्हा मी लहान होते आणि एक नाणं घासताना विहिरीत पडलं होतं, कडेला कोर तुटलेलं दुसरं कुठूनतरी शोधून दिलं होतं. बाबांनी ते तसंच बसवलं होतं. त्यांना तेव्हाही दिसलं असणार.

आता पोटातले कप्पे पाडणाऱ्या आडभिंती उभ्या राहताहेत. प्रत्येक भिंतीच्या पायथ्याशी पाणी जायचं भोक बाबा अजून तापल्या सळईनेच पाडतात. शेजारचा सुतार म्हणाला, पटाशीने पाडा, लवकर होईल. बाबा म्हणाले, 'लवकर कुजेल पण.' दिवसभर फळ्यांच्या फटींत अंबाडीचे धागे, तुंगबियांचं तेल आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुना ठोकतात, आणि रात्री तोच चुना खोकतात.

त्यांचा निरोप: 'लाकडाचं काम म्हणजे काय? शवपेटीही लाकडाचीच असते. कणा, आडभिंत की फळी, एवढंच विचार त्याला.'

सू-खिम

*

कालांग नदी
चौथ्या महिन्याची सहावी

ताई,

बाबांना सांग, आडभिंती. रोज आडभिंतींचंच काम असतं.

तुझं पत्र वाचून माझी झोप गेली. तो शहरातला मालक पैसे कधी देणार आहे? बाबा लोकांच्या शब्दावर लाकूड आणतात, लोकांच्या शब्दावर मजूर ठेवतात. त्या माणसाने निम्मं झाल्यावर पाठ फिरवली तर ते धूड वाळूवर तसंच राहील, पोरं त्यात लपाछपी खेळतील आणि बाबा बाजूला बसून खोकतील. त्यांना विचार, आगाऊ घेतलंय का. नुसतं विचारू नकोस, डोळ्यांनी बघ.

इथे माझ्याबरोबर बुन-सेंग म्हणून एक आहे, दक्षिणेच्या स्वाटोव्ह बंदराकडचा. त्यांच्याकडच्या गलबतांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाल, आपली हिरवी, एवढ्यावरून आमचं रोज भांडण. तो म्हणतो, हिरव्या नाळेची गलबतं जड, कंजूष माणसासारखी, काही आत जाऊ देत नाहीत आणि काही बाहेर सोडत नाहीत. मी म्हणतो, समुद्रात तोच गुण लागतो. पोटासाठी दोघं एकाच भांड्यात जेवतो, त्यामुळे भांडण फार ताणत नाही.

आवार बदलावं असं मनात येतं. पेनांगला म्हणे काम आहे. पण नवीन ठिकाणी नव्याने दमायचं, त्यापेक्षा इथे जुनंच दमलेलं बरं.

पंधरा डॉलर. वाटणी मागच्यासारखीच.

खेंग-लाय

*

टोआ-आव
पाचव्या महिन्याची नववी

खेंग-लाय,

आडभिंती हे उत्तर बाबांना आवडलं. रताळ्याची पेज दोन वाट्या प्याले. वर म्हणाले, 'म्हणजे अगदीच वाया गेलेला नाही.' एवढं कौतुक त्यांनी माझं लग्नातही केलं नव्हतं.

गलबत उभं राहिलं. कसं झालंय ते माझ्याच्याने सांगवत नाही. मागून बघितलं तर कोंबडी अंड्यावर बसल्यासारखं, पुढून बघितलं तर ती उठून तुझ्यावर धावून येईल असं. हाऊकाका म्हणतात ही उपमा बरी नाही. मी म्हटलं, पैसे मी देते, कोंबडीच लिहा.

परवा गलबताला डोळे बसवले. बाबांनी कापराच्या लाकडाचे कोरले, रुपेरी खिळ्यांनी नाळेवर ठोकले. भटजीने समुद्राच्या मा-चो देवीला धूप दाखवला, फटाके वाजले. डोळ्यांवर लाल फडकं बांधायची वेळ आली तर बाबा फडकं हातात घेऊन नुसते उभे. सगळे बघताहेत. भटजी म्हणतो, मुहूर्त चाललाय. बाबांनी ते माझ्या हातात दिलं. आता बायकांनी नाळेजवळ जायचं नसतं, तरी मी गेले, बांधलं आणि मागे आले. भटजीने दुसरीकडे तोंड केलं. मग सगळे जेवले, कालवं घालून केलेली शेवई होती.

पलीकडच्या किनाऱ्यावरचे वाकटीवाले मच्छीमार दोनदा येऊन बघून गेले. त्यांचा पुढारी गलबताच्या पोटावर थापट मारून म्हणतो, 'मेस्त्री, एवढी चांगली बाई नुसती बसवून ठेवलीत.' बाबांनी त्याला हाकललं. हे व्यापाराचं गलबत आहे म्हणाले.

छप्पर पावसाळ्यानंतर बघू.

सू-खिम

*

कालांग नदी
पाचव्या महिन्याची तिसावी

ताई,

डोळ्यांवर फडकं मालक बांधतो. मालक नसेल तर त्याचा मुलगा, मुलगा नसेल तर त्याच्या घरचं कुणीतरी. गलबत बांधणाऱ्याने फडकं बांधायचं नसतं, कारण गलबताने पहिलं तोंड मालकाचं बघायला हवं, मेस्त्रीचं बघितलं तर ते त्याच्याकडेच परत परत येतं, समुद्रावर जात नाही. हे मला कुणी शिकवलं? ज्याने परवा फडकं तुझ्या हातात दिलं त्याने.

तू बांधलंस. म्हणजे मालकाच्या घरचं माणूस तू.

चुआन-चिऊचा कुणी शेठ नाही. हो ना? आता मला सगळं दिसतंय. मडकं दिसतंय, 'पावसाळ्यानंतर बघू' दिसतंय. मी इथे ज्या पैशांसाठी सकाळी आखडलेली बोटं पाण्यात बुडवून उघडतो ते पैसे फळ्या झाले. माझं छप्पर वाळूवर उभं आहे, त्याला तीन डोलकाठ्या आहेत.

आणि तू गप्प राहिलीस. बाबांचं मी समजू शकतो, ते लाकडाशिवाय कुणाशी बोलत नाहीत. तू तर प्रत्येक पत्रात बोलत होतीस.

मी रागावलोय असं हाऊकाकांनी मोठ्याने वाचावं. खरं सांगायचं तर रागवायलाही अंगात जोर लागतो, तो आज नाही. काय ते सरळ लिही.

या वेळी फक्त औषधाचे. पाच डॉलर.

खेंग-लाय

*

टोआ-आव
सहाव्या महिन्याची बाविसावी

खेंग-लाय,

हो.

पहिल्यांदा तुझे पैसे आले तेव्हा मी कौलांचा भाव काढून आले होते. बाबा म्हणाले, 'डोक्यावरचं छप्पर एकाच जागी राहतं. हे पैसे अशा वस्तूत घालू जी त्याला घेऊन जाईल आणि घेऊन येईल.' मला वाटलं म्हातारा माणूस, एक कणा बसवील आणि थकेल. ते थकले नाहीत. मग तुला सांगायचं कसं, हेच मला सुचेना. दुसरं काही सांगत नाही, माफीही मागत नाही. त्यांना सकाळी वाकस घेऊन उठताना तू बघितलं असतंस तर तूही छप्पर विसरला असतास.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'मग कळलं त्याला. ज्याचा पैसा त्याचं गलबत. मालकाला म्हणावं, तुझ्या गलबताचे डोळे मिटलेले आहेत.' ये असं त्यांनी म्हटलं नाही. ते तोंडातून काढणार नाहीत, तुला माहीत आहे.

आता नीट ऐक, कारण यात माझा जीव अडकलाय. डोळे बसलेत पण बुबुळं रंगवलेली नाहीत. व्यापाराच्या गलबताचे डोळे पुढे बघतात, मच्छीमाराच्या गलबताचे खाली, माशांकडे. व्यापारी एकही फिरकलेला नाही, फिरकणारही नाही. ते वाकटीवाले मात्र पुन्हा आले. बुबुळं खाली करून द्या, म्हणतात, आम्ही घेतो. निम्मे पैसे रोख, उरलेले हंगामानंतर. दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या भरतीला ते पाण्यात गेलं पाहिजे, त्यानंतर त्यांचा हंगाम. नाहीतर ते दुसरं घेतील. आणि हे इथे राहिलं तर उन्हाने फळ्यांच्या फटी उघडतील, मग ते सरपण.

बाबा म्हणतात, 'मी जन्मात खाली बघणारं गलबत बांधलं नाही.' मी म्हटलं, मग सरपण बांधलंत का? सगळा गाव समजावून थकला. शेवटी एवढंच म्हणाले, 'डोळे कुठे बघणार हे मालक ठरवतो.'

तेव्हा मालका, ठरव. खोकल्यातून आता रक्त येतं. वैद्य म्हणतो चुना सोडा. तू सोडा म्हणालास तरच सोडतील.

सू-खिम

*

कालांग नदी
आठव्या महिन्याची चौथी

ताई,

उत्तराला उशीर केला. आजारी नव्हतो. काय लिहावं ते ठरत नव्हतं, आणि हे हाऊकाका मोठ्याने वाचणार, बाबा ऐकणार. तरी वाचू दे.

माझं लाकडाचं काम म्हणजे जुनी गलबतं फोडायचं काम. मंदीत मालक बुडाले, गलबतं इथे नदीच्या तोंडाशी चिखलात पडून राहिली. आवाराचा शेठ ती वजनावर घेतो, आम्ही फोडतो. बऱ्या फळ्या झोपड्यांना जातात, खिळे भंगारात, उरलेलं पाववाल्याच्या भट्टीत. आडभिंती म्हणालो ते खोटं नव्हतं. सगळं सहज निघतं, आडभिंती निघत नाहीत. त्यांच्यावरच दिवस जातो.

तुझं पत्र आलं त्याच सुमाराला एक आलं. नाळेचा हिरवा रंग उडालेला, नावावर डांबर फासलेलं. मी खाली पोटात उतरलो आणि एका आडभिंतीच्या पायथ्याशी हात घातला. पाणी जायचं भोक होतं. कड गुळगुळीत, काळी, जळलेली. पुढच्या भिंतीलाही तसंच. मी बुन-सेंगला म्हटलं, थांब, पहार मारू नकोस.

तो म्हणाला, 'का रे, तुझ्या बापाचं आहे का?'

मी म्हटलं, 'हो.'

तो हसला. मग हसायचा थांबला आणि पहार खाली ठेवून विडी ओढायला गेला.

ते किम-हॉक-आन होतं. मी फोडलं ताई. शेठ म्हणाला, तुला नको असेल तर दुसरा माणूस लावतो. दुसऱ्याने वाईट फोडलं असतं. मी सांध्याला सांधा सोडवून फोडलं, बाबांनी कुठल्या क्रमाने बांधलं असेल ते आठवत, उलटं. दोन गड्यांचा वेळ लागतो म्हणून शेठ कटकट करत होता. त्या फोडण्याच्या मजुरीतूनच या खेपेचे नऊ डॉलर येताहेत. म्हणजे तुझ्या त्या नव्या गलबतात जुन्याचा पैसा आहे, निदान खोकल्याच्या औषधात तरी.

कणा शेवटी उघडला. नाणी होती तशी होती. सात, त्यातल्या एकाची कोर तुटलेली. आरशाला तडा गेलेला, हाताला लागताच सुटा झाला. कण्यात जे निघतं ते शेठचं असतं. मी ती मजुरीतून वळती करून घेतली.

आता मालकाचा शब्द. या नदीत मी जेवढी फोडली ती सगळी पुढे बघणारी होती. कुणाचे डोळे अजून पांढरे होते, कुणाचा एकच उरलेला, पण नजर सगळ्यांची पुढे. पुढे बघत बघत ती इथे आली, माझ्या पहारीपाशी. एकही खाली बघणारं इथवर आलेलं नाही. ती आपापल्या गावाच्या वाळूत म्हातारी होतात, पोरं त्यांच्यावर जाळी वाळवतात.

डोळे खाली करा. वाकटी धरील, संध्याकाळी किनाऱ्याला येईल. मोडेल तेव्हा बाबांच्या ओळखीचा कुणीतरी मोडील.

आणि चुना सोडायला सांग. मालक सांगतोय म्हणावं.

हुंडीवाल्याकडे कागदात बांधून सात नाणी दिली आहेत, मोजून घे. पैसे नऊ डॉलर.

खेंग-लाय

*

टोआ-आव
आठव्या महिन्याची सत्ताविसावी

खेंग-लाय,

हाऊकाकांनी तुझं पत्र आवारातच वाचलं, बाबा गलबताच्या सावलीत बसले होते. काका मध्ये दोनदा चष्मा पुसायला थांबले. बाबा म्हणाले, 'वाच पुढे.' संपल्यावर मी नाण्यांची पुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती फळीवर मांडली, एकेक, ताऱ्यांच्या जागी. कोर तुटलेलं नाणं कुठे होतं ते त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, 'विहिरीत पाडणारी ही.' म्हणजे दिसलं होतं.

मला वाटत होतं आता वाकस उडणार, तू नाहीस तर मलाच लागणार. काही झालं नाही. उठले, हात धुतले आणि जेवायला घरी आले. किती महिन्यांनी घरी जेवले. पेज संपल्यावर वाटी खाली ठेवून म्हणाले, 'त्याला विचार, उघडलं तेव्हा कप्पे कसे होते.' मी म्हटलं, आणखी काही? म्हणाले, 'आणखी काय विचारायचं असतं?'

तेव्हा हे लिही. त्यांनी फोडल्याबद्दल विचारलं नाही, फोडलेल्याबद्दल विचारलंय. हाऊकाका म्हणतात या दोन्हींत फरक आहे, तो तुला कळेल.

दुसऱ्या दिवशी शाई आणि कुंचला घेऊन शिडीवर चढले. बुबुळं स्वतः रंगवली, खाली बघणारी. मी खालून शिडी धरली होती. ती दोन्ही माझ्याकडेच बघत होती. खोटं कशाला बोलू, मी मान खाली घातली.

आणि मग म्हाताऱ्याने फडकं परत बांधायला लावलं. वाकटीवाला पुढारी समोरच होता. तो म्हणाला, 'मेस्त्री, आता सोडा की, आम्ही घेतोय ना.' बाबा म्हणाले, 'डोळे कुठे बघणार ते मालकाने सांगितलं, मी केलं. फडकं सोडणं मालकाच्या हाताचं काम. त्याने उघडायचं, मग तुम्हाला विकायचं. आंधळं गलबत मी विकत नाही.'

'आणि तुमचा मालक आलाच नाही तर?'

'तर तुम्ही दुसरं बघा.'

पुढाऱ्याने मला बाजूला घेतलं. पौर्णिमेपर्यंत थांबतो म्हणाला, पुढे एक दिवस नाही. माणूस वाईट नाही, जाताना बाबांसाठी सुकी वाकटी ठेवून गेला. बाबांनी ती खाल्ली, मासा चांगला आहे म्हणाले. चुनाही सोडलाय. आता दिवसभर बसून असतात आणि कुणी नीट ठोकत नाही म्हणून ओरडतात.

मी तुला ये म्हणत नाही. मी त्यांची मुलगी आहे, माझ्याही तोंडातून ते निघत नाही. दहाव्या महिन्याची पौर्णिमा आहे एवढं सांगते.

सू-खिम

*

कालांग नदी
नवव्या महिन्याची एकोणिसावी

ताई,

हे हाऊकाकांना सावकाश वाचायला सांग, बाबांना एका कानाने कमी येतं.

नाळेकडचा पहिला कप्पा फुटलेला होता, कधीतरी खडकावर आदळला असणार. त्यात पाणी होतं, काळं, वास मारणारं, किती वर्षांचं कोण जाणे. खलाशांनी भिंतीच्या भोकात खुंटी मारून तो तसाच सोडून दिला होता आणि गलबत तसंच चालवलं होतं. त्याच्या शेजारच्या कप्प्यात मी उतरलो तेव्हा पायाखाली भाताचं तूस होतं. मधली आडभिंत तीच, पलीकडे छातीएवढं पाणी. बुन-सेंगने ते तूस मुठीत घेतलं आणि फुंकर मारली. उडालं. सगळं त्याच्याच डोळ्यांत गेलं, संध्याकाळपर्यंत शिव्या देत होता, हिरव्या नाळेच्या सगळ्या खानदानाला. त्याच्या मागचे कप्पेही कोरडे होते. शेवटच्यात कुणाचीतरी भुईमुगाची टरफलं होती, तीही कुरकुरीत.

बाबांना सांग, कप्पे कोरडे होते.

शेठला सांगितलंय. तो म्हणाला, गेलास तर परत आल्यावर जागा मिळणार नाही. मी म्हटलं, ठेवू नकोस. बुन-सेंग माझ्या जाड्या वाकळेवर हक्क सांगून बसलाय, तीही त्याला दिली. अमॉय बंदरात उतरलो की तिथून पायी येईन, पौर्णिमेच्या आधी एखाद-दोन दिवस. राहायला येत नाहीये, हे त्यांना आधीच सांगून ठेव. फडकं सोडीन, ते पाण्यात जाताना बघीन, पुढचं पुढे. वाकस मात्र लांब ठेव.

छपराचं तू काही करू नकोस. आल्यावर मी चढून बघतो.

तिकिटाचे पैसे बाजूला काढलेत, म्हणून या वेळी कमी आहेत. सहा डॉलर.

खेंग-लाय